खालच्या खोबणीतली पट्टी

पुढे जे लिहितोय ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. माझ्या शर्टाच्या कुठल्या खिशात काय आहे हेसुद्धा जिला ठाऊक असतं, तिच्यापासून एक गोष्ट इतकी वर्षं लपवायची म्हणजे किती मेहनत पडते, ते तुम्हीच समजा. मी ती मेहनत केली. मन लावून केली.

आधी माझी ओळख. बऱ्हाणपुरात मी पावरलूमच्या कारखान्यांत जॉबर आहे. जॉबर म्हणजे माग बंद पडला की ज्याच्या नावाने हाका मारतात तो. दिवसभर खटखटाटात राहून मी मोठ्याने बोलतो, आणि स्वभाव तापट म्हणून आणखी मोठ्याने. अन्याय दिसला की माझं डोकं फिरतं — रेशनच्या रांगेत, बँकेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. लोकांना ते आवडतं. "मामाला सांगा, मामा बोलतील," असं म्हणतात. मी बोलतो. गावात माझी जी काही इज्जत आहे ती या बोलण्यावर उभी आहे. म्हणूनच हे सांगायला मला इतका वेळ लागला.

की भीती वाटली म्हणून लागला? असू द्या. तिथवर येतोच.

माझी भाची पूनम. धाकटी बहीण सुमन हिची मुलगी. सुमनचं सासर बहादरपुरात, केळीची शेती. आमच्या भागात भाचीच्या पाया पडायची रीत आहे — ती वयाने केवढीही असो, मामाने वाकायचं. पूनम पाळण्यात होती तेव्हापासून मी तिच्या पाया पडतोय. जरा बोलायला लागली तशी ती माझ्या टकलावर हात ठेवून, एखाद्या म्हाताऱ्या आत्याबाईसारखा आवाज काढून म्हणायची, "सुखी राहा, मामा." घरात हशा पिकायचा. मोठी झाली तरी तिने ते सोडलं नाही. मी वाकलो की तिचा हात आलाच टकलावर.

शाळेत असताना तिला तीरंदाजीचा नाद लागला. शहरातल्या मैदानावर एक कोच शिकवायचे. पोरीचा हात पक्का होता. हे मी मामा म्हणून सांगत नाही, जॉबर म्हणून सांगतो. धागा जिथे धरायचा तिथेच धरणारी बोटं मला कळतात. ती दोरी ओढायची, गालाला लावायची, आणि तिच्या अंगात काहीही हलायचं नाही. डोळ्याची पापणीसुद्धा नाही.

पण मैदानावर चांगली धनुष्यं मोजकीच होती, आणि ती कुणाला मिळायची? कोचच्या लाडक्या पोरांना. ती पोरं दमली, पाणी प्यायला गेली, की मग मुलींची पाळी. एकदा मी स्वतः जाऊन पाहिलं. पूनम हाताची घडी घालून उन्हात उभी, आणि समोर एक दांडगट पोरगा धनुष्य खांद्याला लावून दुसऱ्याशी गप्पा मारतोय! सोडतो का मी? मैदान डोक्यावर घेतलं. कोच शांतपणे म्हणाले, "मामाजी, सामान कम है. बारी आएगी तो मिलेगा." मी म्हणालो, ठेवा तुमचं सामान तुमच्यापाशी, आमच्या पोरीचं धनुष्य आम्ही बनवू!

सगळ्यांनी ऐकलं. धनुष्य कसं बनतं याची तेव्हा मला काडीची कल्पना नव्हती.

थोडं समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. या धनुष्याचे तीन तुकडे असतात. मधला दांडा, ज्याला मूठ असते — त्याला रायझर म्हणतात. आणि वर-खाली दोन लवचिक पाती, ज्यांना लिम्ब म्हणतात, ती वाकतात. पाती दांड्यात कायमची चिकटवलेली नसतात. दांड्याच्या दोन्ही टोकांना खोबण असते, त्यात पात्याचं बूड बसतं आणि बोल्टने आवळलं जातं. फायदा असा की पोरगी वाढली, ताकद वाढली, की दांडा तोच ठेवून फक्त पाती बदलायची — नरम काढायची, कडक लावायची. पाती मिळण्यासारखी होती. मैदान सोडून गेलेल्या एका मोठ्या मुलीने आपली नरम जोडी पूनमला दिली. अडलं होतं ते दांड्यापाशी.

तो मी बनवला. पहिला दांडा जुन्या मागाच्या लाकडाचा केला, धोटा ज्याच्यावरून धावतो त्या पट्टीचा. लाकूड पोलादासारखं, पण वर्षानुवर्षं तेल प्यालेलं. गोंद धरेना. दोरी चढवली तसा तो कडाडून उकलला आणि शेजारची म्हातारी देवाचं नाव घेत बाहेर आली. दुसरा शिसवीचा केला. फळ्या एकमेकींवर चिकटवल्या, पाचरी मारून आवळल्या, मग करवत, मग रंधा, मग कानस. मुठीसाठी पूनमच्या हातात कणकेचा घट्ट गोळा दिला आणि म्हटलं, दाब. तिच्या बोटांचे जे ठसे उठले तशी मूठ कोरली. तिने दांडा हातात घेतला आणि हसत म्हणाली, "मामा, हा तर माझ्या हातालाच उगवला!" त्या दिवशी मला जे वाटलं ते माझ्या स्वतःच्या लग्नातही वाटलं नव्हतं. बोल्टसाठी आटे पाडलेल्या पितळी बुशी मागाच्या भंगारातून घेतल्या. वरची खोबण अशी कोरली, की पातं आत सरकताना हवा निघाल्यासारखा आवाज यायचा.

खालची खोबण — खालची माझ्या हातून किंचित जास्त कोरली गेली.

किंचित. नखाच्या कडेएवढी. एखाद्या सुताराने शिव्या देत ती बुजवली असती आणि नव्याने कोरली असती. मी सुतार नव्हतो, जॉबर होतो. आणि आम्हा जॉबर लोकांचा एक धर्म आहे, पॅकिंग. मागात काही सैल झालं, की चामड्याची पट्टी कापायची, फटीत सारायची, वरून आवळायचं, माग चालू. शहरातला एक माग दाखवा ज्याच्या पोटात पॅकिंग नाही! मागाला थोडा ढिलेपणा चालतो. चालतो कसला, लागतोच. बिलकुल घट्ट केलेला माग स्वतःलाच तोडून घेतो. आयुष्यभर हेच केलेलं. मी चामड्याची पट्टी कापली, खालच्या खोबणीत सारली, बोल्ट आवळला. पातं हलेना. झालं काम.

नरम पात्यांवर सगळं झकास चाललं. सुमनच्या शेताच्या कडेला कापसाच्या पोत्यांचा ढीग लावून पूनम सराव करायची. चुकलेला बाण केळीत जाऊन रुतायचा आणि चिकाने काळा पडून यायचा. पण चुकायचे थोडेच. मी चहाच्या टपरीवर, कारखान्यात, नातेवाइकांत — जिथे जाईन तिथे त्या दांड्याच्या गोष्टी सांगायचो. कोचला चपराक कशी बसली ते सांगायचो. ऐकणाऱ्यांना कंटाळा आला तरी सांगायचो.

मग इंदोरची निवड चाचणी आली. तिथे अंतर लांब, म्हणजे कडक पाती हवीत. ती मिळाली. पण त्यांचं बूड जुन्या पात्यांपेक्षा थोडं सडपातळ निघालं. वरच्या खोबणीत कसंबसं जमलं. खालच्या खोबणीतली फट आता चांगलीच जाणवत होती. काय करायला हवं होतं, मला माहीत नव्हतं? पुरतं माहीत होतं. खोबण लाकडाने बुजवायची, गोंद वाळू द्यायचा, पुन्हा कोरायची. म्हणजे दांडा काही दिवस पूनमच्या हातात नाही, चाचणी तोंडावर, आणि टपरीवर कुणीतरी विचारणार, का हो मामा, दांड्याला काय झालं?

मी जाड पट्टी सारली.

घरच्या सरावात ती टिकली. चामडं नवं होतं, ताठ होतं. इंदोरला भर उन्हात, कडक पात्यांचा धक्का सोसत सोसत ते दबत गेलं असणार.

सुरुवातीचे बाण सोन्यासारखे गेले. मग एक डावीकडे गेला. पुढचा उजवीकडे. पुढचा वर. बाजूची मुलं तिच्या बाणांवरचे केळीचे काळे डाग बघून आधीच हसत होती. आता उघड हसायला लागली. पूनम दर बाणानंतर आपल्या हाताकडे पाहायची, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मधली सुट्टी झाली तशी माझ्याकडे आली. "मामा, बाण कुठे जाऊ राह्यले, कळूच नाही राह्यलं मला."

तेवढ्यात कोच आले. आता नीट ऐका, कारण या माणसाला मी पुढे किती शिव्या दिल्या ते मी सांगणारच आहे. ते पूनमसमोरच म्हणाले, "मामाजी, एक बार नीचे का लिम्ब खोलके देख लो. नहीं तो मेरावाला रायज़र ले लो, इसके लिम्ब उसी में बैठ जाएँगे. अभी आधा मैच बाक़ी है."

खरंच बसली असती. पाती बदलता यावीत म्हणून तर हा सगळा खटाटोप. दांडाही तसाच बदलता आला असता. तिची पाती, त्यांचा दांडा, आणि अर्धी चाचणी अजून हातात.

आणि मी काय केलं? मी भडकलो! माझ्या वस्तूत खोट काढता? इतके दिवस पोरीला उन्हात उभी ठेवलीत, आणि आज उपकार करायला आलात? माझा आवाज एवढा चढला की बाजूच्या तंबूतली माणसं बघायला आली. कोच हात जोडून निघून गेले. मी धनुष्य उचललं आणि तंबूच्या मागे नेलं. खोलून दाखवतोच, असं म्हणत नेलं.

बोल्ट सैल केला. पट्टी बाहेर पडली. पापडासारखी चपटी झालेली, अर्धी एका बाजूला सरकलेली. मी खालच्या पात्याला बोट लावलं. ते हललं. ज्या बोटांनी मी जन्मभर मागांचे आजार ओळखले त्यांना हे ओळखायला कितीसा वेळ लागणार? दर बाणाला पातं जरा जरा वेगळं बसत होतं, म्हणून दर बाण वेगळीकडे. पोरीचा हात दगडासारखा स्थिर होता. हलत होतं ते माझं काम.

इथवर मी गुन्हेगार नव्हतो, बरं का. इथवर मी फक्त चुकलेला जॉबर होतो. बाहेर येऊन म्हणायचं होतं, पूनम, माझं चुकलं, जा, कोचसाहेबांचा दांडा घे. पळत जा. एवढंच. सगळ्यांसमोर आरडाओरडा करून आलेल्या माणसाला एवढंच जमलं नाही.

मी पट्टी शर्टाच्या खिशात टाकली. रुमालाची कड फाडली, घडी केली, फटीत सारली, बोल्ट आवळला. बाहेर आलो. पूनम माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी तिला म्हणालो — हे वाक्य मी आजवर कागदावर काय, मनातही पूर्ण उच्चारलेलं नाही —

"धनुष्य एकदम बरोबर आहे, पूनम. मी खोलून पाहिलं. तुझं मनच थरथरू राह्यलं, तर बाण बिचारे काय करतील?"

ती "हो मामा" म्हणाली. लगेच म्हणाली. हात पँटला पुसला आणि धनुष्य घेतलं. तिने शंका घेतली नाही, कारण मामा खोटं बोलत नाही, मामा तोंडावर बोलतो, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. दुपारचे बाण सकाळपेक्षा वाईट गेले. आता पातंही हलत होतं आणि तीही. तिला मीच हलवलं होतं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीपाशी बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती चूक शोधत होती, स्वतःत. "मामा, काल झोप नीट नव्हती झाली, म्हणून झालं असेल का?" मी म्हणालो, असेल. मग थोड्या वेळाने, "सकाळी पोहे जास्त खाल्ले होते, त्यामुळे?" मी म्हणालो, असेल. असं मी बऱ्हाणपूर येईपर्यंत "असेल, असेल" म्हणत होतो, आणि खिशातली पट्टी छातीला लागत होती.

घरी बायकोने धुवायला काढलेल्या शर्टातून ती पट्टी बाहेर काढली. हे काय? मी म्हटलं, पॅकिंग. तिने ती कचऱ्यात टाकली. खिशात काय होतं ते तिला समजलं. पण ते काय होतं, ते नाही समजलं.

आता माझा पराक्रम ऐका. गावात आल्यावर मी गप्प बसलो असं वाटतं तुम्हाला? मी? मी असा पेटलो की विचारू नका. जो भेटेल त्याला सांगितलं — मुलींना सामान देत नाहीत! मुली गावाबाहेर खेळायला जातात तेव्हा त्यांच्यामागे कुणी उभं राहत नाही! पोरीच्या मनावर दडपण आणतात! समाजाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं, तर मी कोचचं नाव घेऊन बोललो. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला शाल आणि नारळ दिला. सुमन डोळे पुसत म्हणाली, "भाऊ, तू होता म्हणून माझ्या पोरीच्या बाजूने कोणी बोललं." मी तो नारळ घेतला. घरी नेऊन फोडला. खोबरं खाल्लं.

गंमत अशी की मी जे बोललो त्यातलं बरंचसं खरं होतं. कोच काही संत नव्हते. मुलींना ते शेवटी उभं करायचेच. त्याचा राग मला तेव्हाही होता, आजही आहे. पण खऱ्या रागाच्या आडोशाला मी माझं खोटं लपवलं. यापेक्षा चांगली जागा कुठे मिळाली असती? रागावलेल्या माणसाचे खिसे कुणी तपासत नाही. कोच काही दिवसांनी दुसऱ्या गावी गेले. त्यांनी दांडा देऊ केला होता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पूनमला ते ठाऊक होतं, पण तिने ते वेगळ्या हिशोबात धरलं. कोचसाहेबांना दांड्याची शंका होती, मामांनी खोलून खात्री केली, म्हणजे उरली कोण? ती.

तिने धनुष्य मला परत आणून दिलं. ओढणीत गुंडाळून, बाणांवरचे डाग घासून काढून. "दुसऱ्या कोणाला होईल कामाचं," म्हणाली.

आणि मग — आता मात्र माझा मलाच असा संताप येतो, की लिहिताना पेन कागदात रुततंय — मग मी ती खोबण नीट केली! सवड काढून, दार लावून, खोबण लाकडाने बुजवली, आतून पितळी पत्रा बसवला, तसू तसू कोरली. पॅकिंगशिवाय. जे काम तिच्यासाठी करायला मला वेळ नव्हता ते तिने खेळ सोडल्यावर केलं. कशासाठी? पश्चात्ताप म्हणून? छे. दांडा पुन्हा कुणी वापरला आणि बाण भरकटले, तर माझं पितळ उघडं पडेल, म्हणून.

तो दांडा नंतर मैदानावरच्या दुसऱ्या एका मुलीला दिला. तिचे बाण एकाला एक चिकटून लागायला लागले. एकदा पूनम माझ्याबरोबर बघायला आली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बघा ना मामा. धनुष्यात काहीच खोट नव्हती. खोट माझ्यातच होती." ती कडवटपणे नाही म्हणाली. एखाद्या गणिताचं उत्तर जुळल्यावर म्हणतात तसं म्हणाली. मी तिच्या शेजारी उभा होतो. मी म्हटलं, चल, उशीर होतोय.

तुम्हाला वाटेल, एक खेळ सुटला, त्यात एवढं काय? मीही बरीच वर्षं स्वतःला हेच सांगितलं. पण खेळ सुटून थांबलं नाही. कॉलेजात भाषणाला नाव दिलं आणि ऐनवेळी मागे घेतलं — "मला ऐनवेळी नाही जमत." स्कूटी शिकली आणि बाजारात न्यायला घाबरली — "माझं मन कच्चं आहे ना." माझंच वाक्य. तीच पोरगी, जिची पापणी हलायची नाही! ती हे लाजत नाही सांगत. नाव-गाव सांगावं तसं सांगते.

गेल्या वर्षी तिने बँकेची लेखी परीक्षा पास केली. भोपाळला मुलाखत होती. सगळं घर खूश, आणि ही म्हणाली, मी नाही जात. सुमनने समजावलं, बापाने समजावलं. निंबोल्याचं स्थळ तोवर ठरलेलं, त्या घरचे लोकही आलेले. तिची होणारी सासू चांगली बाई, तीसुद्धा म्हणाली, जा ग बाई, आमची काही हरकत नाही. तेव्हा पूनम हसून म्हणाली, "अहो, माझे हातपाय गळतात चार लोकांसमोर. मामांना विचारा. इंदोरला ते होते माझ्याबरोबर. सांगा ना मामा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

यापेक्षा सरळ संधी देव कुणाला देत असेल? कुणी आडवा नव्हता. कोच नव्हते, टपरी नव्हती, टाळ्या वाजवणाऱ्या बायका नव्हत्या. फक्त घरची माणसं, आणि तिने स्वतःच्या तोंडाने विचारलेला प्रश्न. मी, जो रेशनच्या रांगेत अधिकाऱ्याला घाम फोडतो, मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "हो. जरा हळवी आहे पोरगी."

मुलाखत राहिली. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली असेल.

यंदा तिचं लग्न झालं. भटजींनी पुकारलं, मामांनी मुलीला मांडवात आणावं. मी तिला हाताला धरून आणलं. तिचा हात माझ्या हातात होता, आणि तो अजिबात थरथरत नव्हता. एवढी गर्दी, एवढे डोळे, बँडचा गोंगाट, आणि हात तसाच, इंदोरच्या आधीसारखा. मला तो ओळखू आला. तिला नाही आला.

पाठवणीच्या वेळी रीतीप्रमाणे मी तिच्या पाया पडलो. जरा जास्तच वेळ वाकून राहिलो. लोक म्हणाले, बघा, मामाचा किती जीव आहे भाचीवर. कुणीतरी फोटो काढला, तो सुमनच्या घरात लावलाय. तुम्हीही कदाचित म्हणाल, मनातल्या मनात माफी मागितली असेल बिचाऱ्याने. मागितली असती, तरी ती चोरीच झाली असती — रीतीच्या पांघरुणाखाली वाकायचं, आणि जिची माफी मागायची तिला कळूही द्यायचं नाही! पण मी तीही मागितली नाही. मी खाली वाकून एवढंच बघत होतो, की तिने नवी चप्पल घातली आहे आणि ती तिला लागतेय.

तिने माझ्या टकलावर हात ठेवला. रडून आवाज बसलेला, तरी तो आत्याबाईचा सूर काढला. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "सुखी राहा, मामा."

आणि मी राहतो.